भोंग्याचं तोंड

श्रावणचं मशीन भातकुलीकडच्या साऱ्या लग्नांत वाजायचं, आणि त्यातल्या एकाही मोठ्या घरच्या मांडवात श्रावणनं पाय ठेवला नव्हता. तार आत जायची, माईक आत जायचा, भोंगे मांडवाच्या दारावर चढायचे. श्रावण मात्र मशीन घेऊन बाहेर, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुंपणापल्याड, कडुनिंबाखाली पोत्यावर. रिवाजच होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, आणि कोणाला विचारायचीही गरज पडत नव्हती.

गडी उंच, काळा, जिभेचा फटकळ. पोरवयात अकोल्याला गेला, तिथल्या एका टाकीजमध्ये झाडू मारता मारता मशीनघरात शिरला. बुढ्या ऑपरेटरनं त्याला एकच गोष्ट नीट शिकवली. "मानसं आवाज पेतेत बे. रिकाम्या हॉलात कान फुटतीन, भरल्या हॉलात तोच आवाज पुरत नाई. म्हून मशिनीपाशी बसून अंदाज नोको करू. गर्दीत जाय, आयक, मंग मशिनीचा कान पिरगळ." आवाज कमी-जास्त करायच्या बटनाला बुढा कान म्हणायचा. श्रावणही तेच म्हणू लागला.

छप्पन साली श्रावणचा पुरा, गावाबाहेरची ती सारी वस्ती, बौद्ध झाली. श्रावणनं जोहार सोडला, 'मालक' म्हणणं सोडलं, गावच्या जानराव पाटलाला तोंडावर 'जानरावभाऊ' म्हणू लागला. पुढं पुऱ्यानं मिळून मशीन घेतलं. व्हॉल्व्हचं ॲम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, एक माईक, दोन भोंगे. जयंतीला ते पुऱ्यासाठी वाजायचं, लग्नसराईत श्रावण ते बैलगाडीत घालून गावोगाव न्यायचा. चालवणारा तो, पण मशीन साऱ्यांचं.

गाडी जुंपताना त्याची बायको इंदूबाई टोमणा मारल्याशिवाय राहायची नाही. "तुमच्या हातची तार त्यायच्या बोहल्यापावतर जाते, अन् तुमी भायेर. तारेले नाई का इटाळ?"

"तारेले तोंड नाई," श्रावण म्हणायचा. "मले हाय. म्हून भायेर बसोतेत."

एकोणसाठच्या वैशाखात जानरावच्या ललिताचं लग्न निघालं. वऱ्हाड पातुराकडून आलं, मुहूर्त गोरजाचा. श्रावणनं दुपारीच तार ओढली, भोंगे कसे बांधायचे ते जानरावच्या गड्यांना कुंपणाबाहेरून ओरडून ओरडून सांगितलं. तोंड गावाकडं, पाठ बोहल्याकडं. मांडव रिकामा होता तेव्हा "हॅलो, हॅलो" करून कान बेतानं लावला आणि झाडाखाली बिडी पेटवली.

वऱ्हाडासोबत किसनराव होता. नवरदेवाचा मामा. फेटा मोठा, पोट मोठं, आणि रुसण्यात नाव त्याहून मोठं. एका लग्नात म्हणे ताटात मोडका पापड आला म्हणून हा पंगत सोडून उठला होता. मांडवात शिरला, वर पाहिलं, आणि थबकला.

"जानराव, हे काय हो? भोंग्याची पाठ आमाले? वऱ्हाड आनलं आमी, अन् आवाज गावाले?"

"तसं नाई मामा, थे मशीनवाल्यानं..."

"मशीनवाला सोयरा हाय का मी?"

जानरावच्या कपाळाला घाम फुटला. पोरीच्या बापाला लग्नात नाही म्हणता येत नाही. त्यानं दोन गडी चढवले. एक भोंगा फिरला. "अन् दुसऱ्याची पाठ काऊन ठेवता?" दुसराही फिरला. दोन्ही भोंगे आता बोहल्यावर आणि बोहल्याशेजारी बसलेल्या वऱ्हाडावर आ वासून उभे. किसनरावचा मान राहिला. कुंपणापल्याड बसलेल्या श्रावणला यातलं काही दिसलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

नवरदेव पाटावर उभा राहिला, मध्ये अंतरपाट धरला. भटजींनी माईकपुढं घसा खाकरला.

डुकराच्या नरड्यात सुरी जावी असा आवाज उठला. थांबेना. वाढतच चालला. वऱ्हाडाच्या जानोशाजवळच्या बैलांनी दावी तोडली, तान्ही पोरं एकदम भोकाड पसरून रडू लागली, बाया कानांवर पदर दाबून वाकल्या. आणि अंतरपाट धरणाऱ्याच्या हातून त्याचं एक टोक सुटलं.

श्रावणनं झडप घालून कान पिरगळला. भोंगे मुके झाले.

"अंतरपाट सुटला," एक म्हातारी बोलली, तेवढंच.

किसनराव कुंपणाबाहेर आला तो हातात गाडीची उभारी, बाजूचा लाकडी दांडा, घेऊन. मागं चार-पाच जवान. "मुद्दाम केलं यानं! लगनात अपशकून केला! फोडा रे थे खोकं!"

श्रावण मशिनीच्या पुढं उभा राहिला. मार खाल्लेला बरा होता. पण मशीन फुटलं तर पुऱ्यात जाऊन सांगायचं काय? ज्यांनी आपल्या तोंडचं काढून मशीन उभं केलं त्यांना सांगायचं, की पाटलाच्या लग्नात फुटलं?

त्यानं कुंपणाच्या फटीतून आत पाहिलं आणि भोंगे दिसले.

"भोंगे कोनं फिरवले?"

तेवढ्यात जानराव धावत बाहेर आला.

"जानरावभाऊ, भोंग्याचं तोंड माईकवर आलं. माईक भोंग्याचं आयकते, भोंगा माईकचं बोलते. दोघं एकमेकाचं आयकत बसले का असेच बोंबलतेत. पयल्यासारखे फिरवा, काई होत नाई."

जानरावनं किसनरावकडं पाहिलं.

"फिरवा," किसनराव म्हणाला. "भोंगा फिरला का माही गाडी फिरली. नवरदेवासकट."

"मंग भोंगा बंद ठेवू," जानरावचा आवाज चिरकला. "बिन भोंग्याचं लगन लावू."

"बिन भोंग्याचं? पातुरात काय सांगू, जानरावच्या पोरीचं लगन मुक्यानं लागलं म्हून?"

मांडवातून भटजी ओरडले, "पाटील, घटका चालली!" सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला होता. त्याला कोणी थांबवणार नव्हतं.

"एक उपाव हाय," श्रावण म्हणाला. "माईक बोहल्याच्या बाजूले घ्या लागन. त्याच्या अन् भोंग्याच्या मधात वाकळ टांगा लागन. अन् आवाज कुठवर सोसते थे आतून आयका लागन. इथून मले समजत नाई. म्हंजे मले आत या लागन."

उभारी किसनरावच्या हातात तशीच राहिली. मागचा एक जवान हसला, आणि कोणी सोबत हसेना तसा गप्प झाला.

"कसं करा लागते थे सांग," जानराव म्हणाला. "आमचा मानूस करन."

"करू द्या ना. पन पुन्ना बोंबललं त उभारी माह्या मशिनीवर. हात दुसऱ्याचा अन् मार माह्या मशिनीले, हे नाई जमत. मी आत येतो. नाईत तार गुंडाळतो." आणि त्यानं बॅटरीच्या चिमट्यावर हात ठेवला.

जानरावनं सूर्याकडं पाहिलं. मग मांडवाकडं, जिथं त्याची पोर डोकं खाली घालून उभी होती. मग परत सूर्याकडं.

"ये," तो म्हणाला. थुंकल्यासारखं म्हणाला. "पन बोहल्याले शिवू नोको."

"नाई शिवत. पन इथं कान कोन धरन? मानसं हालली का आवाज बदलते. मी आतून हात दाखवन तसा फिरवा लागन."

गडी एकमेकांकडं पाहू लागले. पेटत्या चुलीत हात घालायला सांगितल्यासारखी त्यांची तोंडं झाली. किसनरावनं उभारी टाकली.

"मी धरतो. याचा भरोसा नाई मले. हा आतून एक करन, अन् इथं याचा मानूस दुसरंच करन."

"माहा मानूसच नाई इथं, मामा."

"तरी मीच धरतो."

आणि तो खरंच खाली बसला. श्रावणच्याच पोत्यावर, मांडी घालून. श्रावणनं त्याला दाखवलं. "मी हात वर केला त हा कान हळूच इकडं. खाली केला का झटक्यानं तिकडं. मधात सोडू नोका. सोडला का बोंबललाच समजा." समोर पाहता यावं म्हणून गड्यांनी कुंपणाच्या चार पऱ्हाट्या उपटून खिडकी केली.

श्रावणनं चपला दारात काढल्या. आत पाऊल टाकलं तशी माणसं सरकली. धोतरं आवरली, सोगे उचलले, बायांनी पोरं मांडीवर ओढली. बोहल्यापर्यंत वाट पडली. एवढी रुंद वाट नवरदेवालाही मिळाली नव्हती.

"वाकळ द्या," तो म्हणाला. हातात कोणी देईना. एक वाकळ उडत आली, ती त्यानं वरच्यावर झेलली आणि मेढीला टांगली. माईकचा दांडा उचलून बाजूला घेतला, भटजींसमोर धरला. भटजी एक पाऊल मागं गेले. श्रावणनं दांडा पुढं केला. भटजी आणखी मागं.

"म्हाराज, तोंड जवळ आना. तुमी मांगं सरता म्हून आवाज वाढवा लागते, अन् वाढवला का बोंबलते."

भटजींनी माईककडं पाहिलं. माईक धरलेल्या हाताकडं पाहिलं. अंतरपाटाकडं पाहिलं. मग मान लांब करून तोंड तेवढं पुढं आणलं, पाय मागंच ठेवून.

श्रावणनं दांडा पक्का रोवला, चार पावलं मागं येऊन गर्दीत उभा राहिला आणि हात वर केला. भोंगे जागे झाले. पहिलं मंगलाष्टक स्वच्छ निघालं. अक्षता पडल्या. तो अजून थोडा हात वर करणार तेवढ्यात त्याला बारीक शिटी ऐकू आली, डासाच्या भुणभुणीएवढी. हात खाली. शिटी मेली. बाकीच्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या मंगलाष्टकाला माणसं पुढं रेटली. हात खाली, मग बोटभर वर. कोणी त्याच्याकडं पाहत नव्हतं आणि सारे त्याच्याच हाताकडं पाहत होते. अंतरपाट धरणारा तर नवरदेवाला सोडून त्याच्याकडंच डोळे लावून उभा.

शेवटच्या ओळीला भटजींना रंग चढला. मान मागं टाकून त्यांनी सूर लांबवला, आणि भोंग्यात पुन्हा ती शिटी सुरू झाली. श्रावणनं हात झटकन खाली केला. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. किसनरावनं कान उलटा फिरवला होता! बायांनी पदर कानांकडं नेले, अंतरपाट थरथरला. श्रावणनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन जमिनीवर आपटल्यासारखे खाली आणले.

आणि बोंब तुटली.

"सावधान!" भटजी घाईघाईनं ओरडले, माईकशिवायच. वाजंत्री वाजली, अंतरपाट ओढला गेला, माळा पडल्या. जानराव मेढीला धरून खाली बसला.

नवरदेवाच्या मागं उभं राहायचा मान मामाचा. ती जागा रिकामी होती. मामा कुंपणाबाहेर पोत्यावर, मशिनीचा कान मुठीत घट्ट धरून, घामानं डबडबलेला. त्याच्या वाट्याच्या अक्षता कोणीतरी पऱ्हाट्यांवरून फेकल्या, त्या त्याच्या फेट्यावर पडल्या.

"सोडू काय बे आता?" त्यानं हाक मारली.

श्रावणनं ऐकलं. जरा वेळ तिथंच उभा राहिला, मांडवाच्या मधोमध.

"सोडा, मामा," मग म्हणाला.

तार गुंडाळताना त्यानं पाहिलं, जानरावची बायको गोदाबाई तो चालला त्या वाटेवर गोमूत्र शिंपडत येत होती. वाकळ एका गड्यानं काठीवर घेऊन उकिरड्याकडं नेली. शिंपडत शिंपडत बाई मशिनीपाशी पोचली.

"मशिनीवर नोका टाकू, वयनी. ओलं झालं का जळन थे."

तिचा हात थांबला.

"अन् टाकाचंच असन त मामावर टाका. थे माह्या पोत्यावर बसले होते."

गोदाबाईनं वळून पंगतीकडं पाहिलं. तिथं किसनराव पहिल्या पाटावर बसून वाढप्याला जोरात सांगत होता की कान आपणच धरला म्हणून लग्न लागलं. मग तांब्यातलं उरलेलं कडुनिंबाच्या बुडाशी ओतून निघून गेली.

घरी गाडी लागली तेव्हा इंदूबाई कंदील घेऊन आली. आधी तिनं मशीन चाचपलं.

"काई झालं नाई ना याले?"

"नाई."

"अन् तुमी कुठं होते लगन लागतानी? भायेरच ना?"

"आत होतो."

तिनं कंदील त्याच्या तोंडापुढं धरला. "खरं? काय होतं आत?"

श्रावण बैल सोडत होता.

"गर्मी," तो म्हणाला.