कालमुर्झाच्या घरची सरहद्द

कालमुर्झा पेन्सिलीच्या रेघेत राहतो. थट्टा नाही. जुन्या एकत्र राज्यात कुणा नकाशेवाल्याने दोन प्रांतांमधली हद्द आखली, तेव्हा त्याच्या पेन्सिलीला टोक नव्हतं. गृहस्थाने दोन मिनिटं बसून ती तासली असती तर दोन देशांचं कल्याण झालं असतं. पण सरकारी माणूस, त्याला जेवायला जायची घाई. पुढे राज्य मोडलं, प्रांतांचे देश झाले, आणि किरगिझ म्हणू लागले की हद्द रेघेच्या खालच्या काठाने जाते, तर उझबेक म्हणू लागले वरच्या काठाने. मधल्या जाडीत कालमुर्झाचं घर, भाकरीचा तंदूर, जर्दाळूची झाडं आणि परसातला संडास एवढं बरोबर मावतं.

कालमुर्झाने जन्मभर सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवला. कुणाशी वर आवाज करून बोलला नाही. दारी आलेल्याला चहा आणि रोटी दिल्याशिवाय परत पाठवलं नाही, मग तो वीज तोडायला आलेला का असेना. अशा माणसाच्या नशिबी दोन देशांचं भांडण यावं, हे देवालाही जरा जास्तच सुचलं म्हणायचं.

भांडणाचं त्याला एरवी काही वाटलं नसतं. पण त्याची एकुलती एक मुलगी गुलसून पाटापलीकडच्या उझबेक गावात दिलेली. लग्न झालं तेव्हा रस्त्यावर फाटकही नव्हतं. व्याही सकाळी कालमुर्झाकडे चहा पिऊन दुपारी घरी पुलाव खायला जात. मग वरच्या गावात पाण्यावरून दगडफेक झाली, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि जाहीर झालं की हद्द ठरल्याशिवाय कुलूप निघणार नाही. त्यानंतर गुलसूनला मुलगी झाली. मोहिरा तिचं नाव. आता ती धावते, बोलते, हट्ट करते. आजोबा तिला फोनवर दिसतो, पण त्याने तिला अजून एकदाही उचललेलं नाही. संध्याकाळी गुलसून तिला घेऊन घराच्या धाब्यावर उभी राहते, कालमुर्झा जर्दाळूखाली उभा राहतो, आणि दोघं हात हलवतात. मधे एवढा पाट, बकरीसुद्धा उडी मारून जाईल. बकऱ्या जातातच.

हद्द ठरवायला दोन्ही देशांनी मंडळ नेमलं. आमच्या, म्हणजे किरगिझ बाजूचे प्रमुख ओसोरोव साहेब, त्यांच्या बाजूचे रिक्सीएव साहेब. आता बसायचं कुठे? त्यांच्या गावात आम्ही जाणार नाही, आमच्या गावात ते येणार नाहीत. कुणाचंच ठरलं नव्हतं असं एकच घर होतं. झालं, दोन्ही मंडळं कालमुर्झाच्या दारात उतरली.

पहिल्या दिवशी दारातच अडलं. आधी आत कोण? ओसोरोव म्हणाले, "या ना, तुम्ही या." रिक्सीएव म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही." वाटायला आदर, पण खरी गोम अशी की जो दुसऱ्याला 'आत या' म्हणेल तो घरमालक ठरेल. शेवटी दोघं एकदम शिरले आणि चौकटीत अडकले. शिपायांनी मागून रेटलं तेव्हा सुटले. पुढच्या बैठकीआधी कालमुर्झाला समोरची भिंत फोडून दुसरं दार पाडावं लागलं.

दुसऱ्या दाराने नवीनच घोळ झाला. आमच्याकडे मानाची जागा दारापासून सर्वांत लांबची. आता एका दारापासून जी लांब, ती दुसऱ्या दाराच्या तोंडाशी. ओसोरोव मानाच्या जागी बसले की रिक्सीएवांच्या हिशेबी ते जोड्यांपाशी बसलेले, आणि तेही आपल्या जागी तसेच. अखेर तोडगा निघाला. दोन्ही मंडळं खोलीच्या मधोमध, गुडघ्याला गुडघा लावून, गठ्ठ्याने बसू लागली. दोन्ही दारांतून वारा यायचा आणि बाकीची सगळी खोली मोकळी पडलेली असायची.

मग मेंढीचं डोकं. मांडीची हाडं दोन, ती दोघांना गेली. डोकं एकच, आणि ते मुख्य पाहुण्याचं. कालमुर्झाने करवतीने डोक्याचे उभे दोन भाग केले. एकेक डोळा, एकेक कान. सगळे खूश, पण जीभ मधोमध. तिच्यावर एक अख्खी दुपार गेली. कालमुर्झाच्या बायकोने, बुरुलने, कंटाळून ती मांजराला घातली, तेव्हा दोन्हीकडच्या चिटणिसांनी मांजर कुठल्या बाजूचं आहे याची चौकशी केली.

असं वर्षानुवर्षं चाललं. बैठक व्हायची, जेवण व्हायचं, आणि शेवटी घरातला वडीलधारा म्हणून कालमुर्झा दोन्ही तळवे पसरून आशीर्वाद मागायचा. सगळे तळवे पसरायचे. तो म्हणायचा, "पाहुण्यांना सुखी ठेव. या थोर माणसांचे पाय माझ्या घराला असेच वरचेवर लागोत. आमीन." सगळे तोंडावरून हात फिरवायचे, म्हणजे संपलं. त्यानंतर ताटातलं कुणी उचलत नाही आणि बोललेलं कुणी मागे घेत नाही.

एकदा बुरुल भांडी घासता घासता थबकली.

"अहो, तुम्ही दर खेपेला देवाकडे काय मागता, ऐकलंय का कधी?"

"काय मागतो? चांगलंच मागतो."

"वरचेवर या म्हणता! मग येतायत की वरचेवर. देव बिचारा ऐकतोय तुमचं. हद्द ठरली तर हे येतील कशाला?"

कालमुर्झाच्या हातातला पेला तसाच राहिला. "अगं पण पाहुण्याला येऊ नका कसं म्हणायचं?"

"तोंडाने."

"बुरुल! माझ्या बापाने असं म्हटलं नाही, आजाने म्हटलं नाही. या खोऱ्यात असं म्हणणारा जन्मला नाही अजून."

"बरं तर," बुरुल म्हणाली, "घाला मेंढ्या. मोहिराच्या लग्नाला जर्दाळूखालूनच हात हलवू."

ते त्याच्या काळजात रुतलं. पण माणूस मऊ. पुढच्या बैठकीलाही तो "वरचेवर" म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

या वसंतात मंडळं पुन्हा आली. सगळीकडे बातमी होती की आता जमलंच. खरंच जमलं होतं. पाट कसा वाटायचा ते ठरलं, कुरण ठरलं, कबरस्तान ठरलं. राहिलं होतं फक्त कालमुर्झाचं घर. ओसोरोव म्हणाले, "हा आमच्या भूमीचा अविभाज्य भाग." रिक्सीएव म्हणाले, "इथली एक वीटही आम्ही सोडणार नाही." मग दोघांनी घड्याळं पाहिली, चहा मागवला आणि उरलेलं पुढच्या वसंतावर टाकलं. फाटकही अर्थात पुढच्या वसंतावर.

"चला, कालमुर्झाबाबा," ओसोरोव पोटावर हात फिरवत म्हणाले, "होऊन जाऊ द्या तुमचा आशीर्वाद."

कालमुर्झाने नव्या दारातून बाहेर पाहिलं. पलीकडे धाब्यावर गुलसून उभी होती, आणि तिच्या शेजारी, आता कडेवर नाही, स्वतःच्या पायांवर मोहिरा. बातमीच्या भरवशावर तिला लाल कपडे घातले होते. कालमुर्झाने तळवे पसरले. सगळ्यांनी तळवे पसरले.

"देवा," तो म्हणाला, "या थोर माणसांना लांब आयुष्य दे. यांची मुलंबाळं सुखात ठेव. आणि यांचे पाय पुन्हा कधी माझ्या उंबऱ्याला लागू देऊ नकोस. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले. सवयच ती. दारातल्या शिपायांनीसुद्धा बंदुका काखेत मारून फिरवले. हात हनुवटीशी पोचले आणि मग कुठे डोक्यात उजेड पडला.

"काय म्हणाले हे?" रिक्सीएवांनी विचारलं.

"तुम्ही आमीन म्हणालात!" ओसोरोव ओरडले.

"तुम्ही माझ्याआधी म्हणालात!"

"मी सवयीने म्हणालो."

"देवापुढे सवयीने? वा, साहेब!"

मग दोघं कालमुर्झाकडे वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वादाशिवाय एकमत झालं. असला उद्धट, बेशरम, पाहुण्यांच्या जिवावर उठलेला यजमान दोन्ही देशांत दुसरा नसेल. निषेधाचा मसुदा दोन्ही चिटणिसांनी मिळून लिहिला, नाव आधी कुणाचं यावर कुणी भांडलं नाही, आणि दोन्ही प्रमुखांनी एकाच पेनाने सह्या ठोकल्या. इतक्या वर्षांतला हा त्यांचा पहिला संयुक्त कागद.

पण आता या घरात परत यायची सोय राहिली नव्हती. आमीन म्हटलं ते म्हटलं. दुसरं मधलं घरही नव्हतं. म्हणजे जे काय करायचं ते आत्ता, उठायच्या आत.

"राहता राहिलं हे घर," रिक्सीएव नाक मुरडून म्हणाले. "राहू दे तुम्हालाच."

"आम्हाला? छे! घर तर तुमचंच आहे, एक वीटही सोडणार नव्हता ना?"

"विटा सोडल्या. घ्या, आणि या माणसासकट घ्या."

"हा आमचा नाही!"

"किरगिझ आहे, नावावरून कळतं."

कालमुर्झा बिचारा मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. अखेर घर ओसोरोव साहेबांच्या गळ्यात पडलं, पण त्यांनी ते फुकट घेतलं नाही. एवढी ब्याद आम्ही पत्करायची तर रस्त्याचं फाटक उघडा, म्हणून अडून बसले. रिक्सीएवांनी मान्य केलं, एक अट घालून.

"हा माणूस आमच्याकडे येता कामा नये. कुणाच्या लग्नात आशीर्वाद द्यायला उभा राहिला तर?"

अट लिहिली गेली.

फाटक उघडलं त्या दिवशी सगळा गाव पलीकडे लोटला. बुरुल सगळ्यांच्या पुढे होती. शिपायाने कागदावरच्या अटीत कालमुर्झाचं नाव पाहिलं, ओशाळून मान हलवली, आणि बसायला स्वतःचा स्टूल दिला. कालमुर्झा बसला नाही. गर्दीतून व्याही आले, त्यांच्या मागे गुलसून, तिच्या ओढणीआड लाल कपड्यातली मोहिरा. फोनमधल्या आजोबापेक्षा हा आजोबा बराच मोठा होता. तिने त्याला खालून वर न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आईला विचारलं,

"पाहुण्यांना हाकलून देणारा आजोबा तो हाच का?"

लोक हसले. गुलसूनने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हो गं बाई, तोच," कालमुर्झा म्हणाला. त्याने तिला उचललं, आमच्याकडची म्हातारी माणसं घेतात तसा तिच्या कपाळाचा दीर्घ वास घेतला, आणि रडू लागला. फाटक संध्याकाळी रात्रीपुरतं बंद होणार होतं. तोपर्यंत त्याने तिला खाली ठेवलं नाही.