पाच वर्षांची चाळण

…तर बाईंनी माईकवर मोजा चढवला, इथवर आपण आलो होतो. मोजा कोणाचा, ते सांगायचं राहिलं. मोजा मास्तरांचा. राखाडी, लोकरीचा, टाचेला विरलेला. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, जन्मभर शाळेत गणित शिकवून आता घरी बसलेले, आणि बाई म्हणजे मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपाल.

"एकच नेतेस? जोडी फोडू नये," मास्तर खुर्चीतून म्हणाले होते.

"दोन्ही पाय सुजलेत तुमचे. एकही मोजा चढत नाही, जोडी काय घेऊन बसलात."

यावर दोघंही हसले होते. संसार जुना झाला की माणसं असल्याच गोष्टींवर हसतात.

मोज्याचं कारण असं. बाई एकतीस वर्षं पोरांना आणि मोठमोठ्या डॉक्टरांना एकच गोष्ट शिकवत आल्या: वैद्यकातला हवा तो लेख हवा तेव्हा कसा शोधायचा. आधी लाकडी कप्प्यांतली कार्डं होती, मग कॉम्प्युटर आला. एक सर्जन होते. पोट उघडताना त्यांचा हात कधी हलला नाही, पण माऊस धरला की बोटं अशी थरथरायची की बाण पडद्याबाहेरच जायचा. बाईंनी त्यांना महिनाभर नुसता पत्त्यांचा डाव खेळायला लावला कॉम्प्युटरवर. शिकले. निवृत्त होताना भाषणात म्हणाले, माझे गुरू दोन, त्यातल्या एक ग्रंथालयात बसतात. बाई मागच्या रांगेत होत्या, त्या लाजून पुस्तक चाळायला लागल्या, आणि पुस्तक उलटं होतं.

तर असा तो तास. तो बंद झाला. वरून हुकूम आला की सगळं पोर्टलवर टाका, आठ-आठ मिनिटांचे धडे, शेवटी एक प्रश्न, बरोबर आला की हिरवी खूण. बाईंनी कुरकुर केली नाही. मागच्या कोठारात, जिथे जुन्या मासिकांचे जाड बांधीव खंड छतापर्यंत रचलेत, तिथे खुर्ची टाकली. कागद आवाज गिळतो, स्टुडिओ फुकटात झाला. फक्त 'फ' आणि 'स' आले की माईक फुंकर मारल्यासारखा करायचा. म्हणून मोजा.

पहिला धडा शब्द कसे निवडावेत याचा. दुसरा फिल्टरचा. फिल्टर म्हणजे चाळण: फक्त इंग्रजीतले लेख द्या, फक्त माणसांवरचे द्या, फक्त गेल्या पाच वर्षांतले द्या. तिसऱ्या धड्यात एक प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधून दाखवायचा होता. बाईंचा एक जुना दंडक होता, उदाहरण खरं घ्यावं. कोणाच्या तरी जिवाशी लागलेला प्रश्न असला की वर्ग झोपत नाही.

खरा प्रश्न घरातच होता. मास्तरांचं हृदय थकलं होतं, मूत्रपिंडंही जेमतेम चालत होती, आणि हृदयाचे डॉक्टर एक नवी गोळी द्यावी की नाही यावर अडले होते. ते बाईंना म्हणाले, "तुम्हीच शोधून द्या ना, तुमच्याइतकं कोणाला जमतंय?" बाईंनी धडा रेकॉर्ड करता करता तोच प्रश्न शोधला. नऊ लेख आले. नऊही गोळीच्या बाजूचे. यादी छापून त्याच दुपारी डॉक्टरांना नेऊन दिली. गोळी सुरू झाली.

सोळाव्या दिवशी मास्तर गेले.

बाई रडल्या नाहीत. कोणी म्हणालं, धीराची बाई आहे. कोणी म्हणालं, दगड आहे. दोन्ही खोटं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, चावला तरी कळत नाही, आणि गरम चहा ओठावरून ओघळला तर समोरचा सांगतो. तसं झालं होतं. लेक रोज फोनवर विचारायची, "आई, जेवलीस?" बाई म्हणायच्या, "हो गं." मग फोन ठेवून ओट्याकडे बघायच्या, आपण जेवलो की नाही ते कळावं म्हणून. ताट धुतलेलं दिसलं तर जेवलो.

कामावर दहाव्या दिवशी रुजू झाल्या. पुस्तकं घेतली, दिली. तिसरा धडा मात्र त्यांनी पुन्हा कधी उघडला नाही. पोर्टलवर धडे पुरे करणाऱ्यांचा आकडा चढत गेला, आणि दोन महिन्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर झळकला: एकशे चाळीसपैकी एकशे चाळीस. शंभर टक्के. प्राचार्य इतके खूश की त्यांनी आणखी चार कॉलेजांच्या प्राचार्यांना बोलावलं, सोमवारी अकराला. ते हेच धडे आपल्याकडे नेणार होते.

आणि गुरुवारी सहा नंबर वॉर्डच्या सिस्टर आल्या. वय अठ्ठेचाळीस, नोकरी सांभाळून पदवी करत होत्या. पुस्तक परत करायचं निमित्त.

"बाई, तुमचा तिसरा धडा मी चारदा पाहिला."

"समजला नाही?"

"समजला. तीच तर पंचाईत झाली. तुमचे नऊ लेख येतात. माझे येतात एक्केचाळीस."

"शब्द तेच टाकलेत?"

"अक्षर अक्षर लावून. इंजेक्शनची बाटली वाचते तसं. आधी वाटलं आपलंच चुकलं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या हातून पाणीसुद्धा करपतं. म्हणून पुन्हा केलं. एक्केचाळीसच."

"दोन महिन्यांत नवे लेख येतात. दोन-चार वाढतील."

"बत्तीस?"

बाईंनी परत आलेल्या पुस्तकावर शिक्का मारला.

"आणि खाली विचारलंय, किती लेख मिळाले?" सिस्टर म्हणाल्या. "एक्केचाळीस लिहिलं तर लाल फुली. नऊ लिहिलं की हिरवी. सगळ्यांनी नऊ लिहिलं. मीही लिहिलं, खोटं कशाला सांगू? परीक्षा डोक्यावर आहे. पण वॉर्डात असं नऊ लिहिलं असतं तर मेट्रननी सोलून काढलं असतं मला."

त्या गेल्यावर बाईंनी धडा उघडला. आवाज बंद करून, नुसती चित्रं. दुसरा आणि तिसरा धडा एकाच बैठकीत केला होता. दुसऱ्यात पाच वर्षांची चाळण लावून दाखवली, ती काढलीच नाही. हे यंत्र असं आहे की लावलेली चाळण आपण होऊन काढत नाही, पुढच्या शोधालाही तीच धरून ठेवतं. वर बारीक पट्टीत तसं लिहूनही येतं, पण ती पट्टी रेकॉर्डिंगच्या चौकटीखाली झाकली गेली होती. एकतीस वर्षं बाई वर्गाला बजावत आल्या होत्या, चाळण लावलीत तर काढा, नाहीतर दाणेही कोंड्याबरोबर जातात. पोरं ते वाक्य बाईंच्या चालीत म्हणून दाखवायची.

त्यांनी चाळण काढली. एक्केचाळीस आले. चौदावा लेख अकरा वर्षांपूर्वीचा. छोटासा, साठ-पासष्ट रोग्यांवरचा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर ही गोळी अर्ध्याच मात्रेवर सुरू करावी, असं त्यात होतं. मास्तरांना पूर्ण दिली होती.

बाई उठून कोठारात गेल्या. त्या मासिकाचा तो खंड तिथेच होता. खुर्चीच्या मागे, हाताच्या अंतरावर. रेकॉर्डिंगच्या वेळी पाठ त्याच्याचकडे होती. त्यांनी तो काढला, धूळ पुसली, लेखाची प्रत काढली आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टरांनी उभ्याउभ्याच वाचली. मग बसून पुन्हा वाचली.

"हा तेव्हा हातात असता तर अर्ध्यावर सुरू केली असती," ते म्हणाले.

"मग?"

"मग मला माहीत नाही, बाई. हृदय फार थकलं होतं. तेच झालं असतं, किंवा महिना-दोन महिने मिळाले असते. खरं तर मीही शोधायला हवं होतं. तुमच्या यादीवर निवांत झालो."

"सांगता येत नाही, की सांगवत नाही?"

"सांगता येत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. दुकानदार साखर संपली म्हणाला की आपण म्हणतो, तसं बरं. जिन्यात त्यांनी थांबून पाहिलं, काही होतंय का. काही झालं नाही. गुडघा तेवढा दुखत होता, तो रोजचाच.

शुक्रवारी प्राचार्यांकडे गेल्या.

"तिसरा धडा बदलायचाय, सर. त्यात चूक आहे."

"बदला की. सोमवार होऊन जाऊ दे."

"त्याआधीच हवा. ते लोक हाच घेऊन जातील."

"मग आजच बदला."

"बदलला की पोर्टल आधीचं सगळं पुसतं. सगळ्यांना पुन्हा पाहावा लागतो."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "म्हणजे पडद्यावर काय दिसेल?"

"शून्य."

"चार पाहुणे बोलावून मी त्यांना शून्य दाखवू? लग्नाला बोलवायचं आणि रिकामा मांडव दाखवायचा? चूक तरी केवढी आहे?"

"पाच वर्षांचा फिल्टर राहिलाय."

"अहो, एका फिल्टरने कोण मरतंय, बाई?"

माणूस वाईट नव्हता. मास्तर गेले तेव्हा दोन तास घरी येऊन बसला होता, खुर्च्याही त्यानेच लावल्या होत्या. त्याला ठाऊक नव्हतं इतकंच. बाई टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत राहिल्या. त्यात एक बुडबुडा होता.

"सोमवारनंतर," प्राचार्य म्हणाले. "आणि आकडा मधेच पडला, तर पोर्टल मी दुसऱ्या कोणाकडे देईन. मग मला बोलू नका."

शनिवारी ग्रंथालय अर्धा दिवस. सगळे गेल्यावर बाईंनी कोठारात खुर्ची ठेवली, या वेळी खंडांकडे तोंड करून. मोजा घरून धुऊन आणला होता. वाळून तो थोडा आखडला होता, माईकवर चढवायला दोनदा ओढावा लागला. उदाहरण बदलावं का, असा विचार एकदा आला. दंडक आठवला, तेच ठेवलं.

"मागच्या वेळी या धड्यात माझ्याकडून पाच वर्षांची चाळण राहून गेली होती," त्या माईकला म्हणाल्या. "त्यामुळे एक लेख सुटला. तो हा. रुग्णाचं वय बहात्तर." पुढे सगळं नेहमीच्या आवाजात. मधे एकदा बोलणं थांबलं, चार-पाच सेकंद. ते कापून टाकता आलं असतं. बाईंनी तसंच राहू दिलं. खालचा प्रश्नही बदलला: किती लेख मिळाले हे विचारायचंच नाही, वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते विचारायचं.

सोमवारी सव्वानऊला धडा चढवला. पोर्टलने विचारलं, आधीच्या नोंदी पुसू का? बाईंनी हो म्हटलं. मग दार लोटलं, खुर्चीवर नीट बसल्या, आणि मास्तर गेल्यापासून पहिल्यांदाच तिसरा धडा आवाजासकट लावला. आठ मिनिटं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. हिरवी खूण आली.

साडेदहाला टेबलावरचा फोन वाजला. प्राचार्य दबक्या आवाजात बोलत होते, पाहुणे बहुधा शेजारच्याच खोलीत चहा घेत असावेत.

"बाई, काय केलंत हे? परवापर्यंत एकशे चाळीस होते. आता किती आहेत?"

"एक आहे, सर. मी पाहिला, शेवटपर्यंत."