नवरदेव आणि बिननावी मंडळी

ऑर्कुटवर आमच्या कंपनीची कम्युनिटी मीच काढली. काढताना 'नाव न देता लिहिता येईल' या चौकटीत टिक केली. म्हटलं, लाजाळू लोकांनाही बोलता यावं. ते बोलले.

सिन्नरच्या एमआयडीसीतली आमची कंपनी. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, तिचे फोटो मी तिथे टाकले. एकात आमचे टर्नर रंगनाथभाऊ, नवा सफारी घालून, गंध लावून लेथला हार घालत होते. वय छत्तीस, लग्न राहिलेलं. फोटोखाली कुणीतरी बिननावी लिहिलं, 'अखेर नवरी मिळाली.'

झालं. मशीन शॉपवर भाऊंचं नाव नवरदेव पडलं.

"काय नवरदेव, वहिनींना तेल घातलं का?" ट्रेनी पोरंसुद्धा विचारायची. भाऊ कसंनुसं हसायचे. मीही हसायचो, विनोद तसा बरा होता.

दिवाळीनंतर त्यांना इगतपुरीचं स्थळ आलं. पत्रिका जुळली, मुलगी पसंत, तिकडचा होकार तेवढा बाकी. पण मुलीचा भाऊ ऑर्कुटवाला. शॉपवर बोललं तर चार जण ऐकतील, म्हणून रंगनाथभाऊंनी नेट कॅफेत बसून मला ऑर्कुटवर स्क्रॅप टाकला: 'तो हाराचा फोटो काढून टाक. इगतपुरीचं जमत आलंय, मुलीचा भाऊ गोरक्ष रेल्वेत हाय, तो बघंल. कुणाला बोलू नको.' त्यांना वाटलं, स्क्रॅप म्हणजे बंद पाकीट. माझं स्क्रॅपबुक सगळी कंपनी वाचायची. मी एकटाच त्या आठवड्यात कॅफेत गेलो नव्हतो.

मी उघडेपर्यंत कुणीतरी खोट्या नावाने गोरक्षला शोधून लिहिलं होतं, 'मुलाला फिट येतात. कंपनीत विचारा.' त्याने खरंच फोन केला. टाइम ऑफिसात उचलणारा आधी हसला. "कोण, नवरदेव का?"

इगतपुरीहून निरोप आला, यंदा कर्तव्य नाही.

मी कम्युनिटी उडवली. कंपनीच्या बसमध्ये विचारलं, कुणी लिहिलं? "मस्करी असंल राव, एवढं काय मनावर घेता!" कुणालाच माहीत नव्हतं. वाईट वाटल्याचं मात्र प्रत्येकाने नावासकट सांगितलं.

रंगनाथभाऊ कँटीनला यायचे बंद झाले. डबा लेथजवळच खायचे, पाठ करून. संक्रांतीनंतर त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी गेटवर भेटले.

"पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसात लागतोय. माल निवडायचा. तिथं नेटबिट नाय."

"भाऊ, ते मी..."

"राहू दे रे. मी तुझ्याबद्दल चांगलं लिहिलंय त्या ऑर्कुटवर, टेस्टिमोनियल का काय ते. तू माझ्याबद्दल लिहायचं राहिलंय बघ."

"रविवारी लिहितो."

त्यांनी लिहिलंय, 'पोरगा गुणी हाय. चहा लय पितो.' मी ते मंजूर केलं, माझ्या पानावर दिसतं. त्यांच्या पानावर अजून काही नाही.