बिनहजेरीच्या शाळेत

शाळेतले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चहाच्या वेळी कोणीतरी "काल काय झालं माहीत आहे?" म्हणतं आणि एकाचे चार होतात. पण मुक्त शाळेचं केंद्र आमच्याकडे आल्यापासून मळणीनंतर तणशीचा ढीग लागावा तसा किस्स्यांचा ढीग लागलाय. ज्या मीटिंगमध्ये केंद्रप्रमुख ठरला, तिला मी एकटाच गैरहजर होतो. म्हणून केंद्रप्रमुख मी! शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांनी घरी अभ्यास करायचा, रविवारी शंका विचारायला यायचं आणि दहावीची परीक्षा द्यायची, एवढं मला समजलं होतं. बाकीचं अजूनही समजतंय.

*

पहिला गोंधळ जयपालभाऊंचा. आंबागडचे, जंगलाच्या कामावर जाणारे, वय पंचेचाळीस. एका रविवारी पांढऱ्या कागदावर अर्ज घेऊन उभे.

"गुर्जी, धानाचा रोवणा सुरू हाये. चार रविवारची सुट्टी द्या जी."

आता या शाळेत हजेरीच नाही, तर सुट्टी कशाची द्यायची? मी हे समजावायला लागलो. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ते सारं ठीक हाये जी, पण मंजूर का नामंजूर?"

मी गडबडलो. 'मंजूर' लिहिलं, खाली सही ठोकली.

पुढच्या रविवारी अकरा अर्ज आले! मी ते घेऊन मुख्याध्यापकांकडे पळालो. त्यांनी शांतपणे सगळे वाचले आणि म्हणाले, "दोन नामंजूर करा. नाहीतर शाळेचा धाक राहत नाही."

कोणते दोन, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

इथे विषय निवडता येतात. गणित नको असेल तर दुसरा विषय घ्या, तरी दहावी होते. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सहज बोलून गेलो, आणि आमचे गणिताचे गभणे सर चहाचा कप हातात धरून तसेच थांबले.

"गणिताशिवाय दहावी?"

"हो सर."

"पास?"

"पास."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बावीस वर्षांची नोकरी त्यांची. "मग इतकी वर्षं म्या पोट्ट्यायले रडवलं कायले?"

*

सुमनबाई आली तेव्हा मात्र प्रकरण गंभीर होतं. नाकाडोंगरीकडच्या एका गावातली, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. गावच्या मच्छीमार संस्थेची पत्रं, अर्ज, ठराव सगळं हीच लिहायची, पण सही करायची कोणी दुसऱ्यानेच. आता सचिवाची जागा रिकामी होणार होती आणि संस्थेचा नियम होता, सचिव दहावी पास पाहिजे. सुमनबाई नववी. अध्यक्षांचा भाचा दहावी पास. पोहता येत नव्हतं, पण पास होता!

फॉर्मवर 'पालकाची सही' अशी जागा होती. मोठ्या माणसांना ती सोडता येते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पालक आणा. चाळीस वर्षांच्या बाईने पालक आणला. सासू! भागरताबाईंनी अंगठा उठवला आणि विचारलं, "आता मले काय करा लागते?"

"लक्ष ठेवा," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

तेव्हापासून दर रविवारी म्हातारी सुनेच्या मागोमाग हजर. मागच्या बाकावर बसायची. एकदा मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "गुर्जी, पोट्टी घरी पुस्तकच उघडत नाई. तुमी जरा रागवा."

मी सुमनबाईला विचारलं. ती रडकुंडीला आली. "पुस्तक उघडलं का ह्या मंतेत, भांडे कोन घासन? भांडे घासाले बसलं का मंतेत, पुस्तक कोन वाचन? मी करू त काय करू जी?"

मला तरी काय माहीत? मी दोघींनाही रागावलो.

*

परीक्षेला गृहविज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला, पाहुण्यांसाठी जेवणाचे टेबल कसे मांडाल? पेपर संपल्यावर मी फाटकाशी उभा होतो. सुमनबाई बाहेर आली तसं विचारलं, काय लिहिलं?

"लिवलं ना जी. आमच्याइथं टेबल नाई."

"बस्स? पाच मार्कांचा प्रश्न होता!"

"आता नाई त नाई. खोटं कसं लिवू?"

तिचं खरं होतं, आणि मला धडकी भरली.

*

निकाल लागला त्याच दिवशी संस्थेची आमसभा होती. निकालाचा कागद काढून मी स्वतःच घेऊन गेलो. तलावाच्या पाळीवर, चिंचेखाली सगळं गाव बसलेलं. चार विषयांत पास, एकात नापास. सुमनबाईने कागद पाहिला आणि घडी करून परत माझ्या हातात दिला. मला फार वाईट वाटलं.

अध्यक्ष म्हणाले, "नियम पासचा हाये. बाई नापास हाये. विषय संपला."

मी उठलो. राहिलेला एक विषय पुढच्या वेळी देता येतो, पास झालेले विषय वाया जात नाहीत, असं सगळं सांगितलं. कोणालाच काही कळलं नाही. एकाने विचारलं, "म्हंजे आता पास हाये का नापास?" मी म्हटलं, "दोन्ही." सभेत हशा झाला. भाच्याने संस्थेचं दफ्तर पुढ्यात ओढलं आणि पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात भागरताबाई उठली. पदर खोचला.

"गुर्जी, पोट्टी नापास कायच्यात झाली?"

"गृहविज्ञानात."

"ते काय अस्ते?"

"घर कसं चालवायचं ते, आजी."

म्हातारी अध्यक्षांकडे वळली.

"घर मी चालवतो. तिले दफ्तर द्या!"