आबा आरोपी असताना

इंदापूरच्या कोर्टात तारीख असली की आबा गाडी फाटकापासून लांब थांबवायला सांगत आणि एकटे चालत जात. पहिल्या तारखेला कार्यकर्ते हार घेऊन आले होते. आबांनी त्यांना रस्त्यावरूनच परत पाठवलं. "आरोपी हाय मी. सत्काराला न्हाय चाललो. जावा, आपापल्या उसाकडं बगा."

आबा माझे चुलते, निरवांगीचे. गेल्या साली गेले. जिल्हा परिषदेवर तीनदा निवडून आलेले. आमदारकीचे उमेदवार त्यांच्या ओट्यावर चहा गार होईपर्यंत वाट बघायचे. असा माणूस कोर्टात मात्र एखाद्या कोंबडीचोराला "सरक बाबा थोडा" म्हणून त्याच्याच बाकावर बसायचा. वकील म्हणायचे, "तब्येतीचं कारण सांगून तारीख वाढवू." आबा म्हणायचे, "तब्येत चांगली हाय. तिला कशाला बदनाम करता?"

खटला कालव्याच्या पाण्यासाठी केलेल्या रास्ता रोकोचा. रस्त्यात आडवा लावलेला ट्रॅक्टर उतारावरून घरंगळला आणि पोलिसांच्या रिकाम्या जीपचं तोंड फोडूनच थांबला. तो लावणारा 'अनोळखी इसम' पळून गेला, असं कागदोपत्री होतं. तो इसम मी. बारामतीत शाळेवर नागरिकशास्त्र शिकवतो. ब्रेक लावायला विसरलो, पळायला विसरलो नाही.

नाव निघालं असतं तर नोकरी गेली असती. तरी दर तारखेला मीच आबांना गाडीतून न्यायचो आणि मागच्या बाकावर कुणातरी जाडजूड पक्षकाराच्या आड बसायचो.

बऱ्याच तारखा नुसत्या पडल्या. अखेर आरोप वाचून दाखवायचा दिवस आला. वकिलांनी बजावलं, "आबा, एवढंच म्हणायचं, मी तिथं नव्हतोच."

जज्जसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"व्हय साहेब. ट्रॅक्टर आडवा लावायला मीच सांगितलं. पानी पायजेच हुतं. पर जीप सरकारची, म्हंजी आपलीच. ती फुटली, ही चूक झाली."

वकिलांनी कपाळाला हात लावला.

"ट्रॅक्टर कुणी लावला?"

माझ्या पुढचे गृहस्थ नेमके त्याच वेळी चप्पल शोधायला वाकले.

"त्ये न्हाय सांगनार, साहेब. मी बोलावलं म्हनून त्यो आला. त्याच्या वाटनीची शिक्षा बी मलाच द्या."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. तिथं भिंत होती. मग साहेबांनी शिक्षा सांगितली : दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं. आबा बसले. मधल्या सुट्टीत मी डबा पुढं केला, तर म्हणाले, "शिक्षा हाय मास्तर, सहल न्हाय."

संध्याकाळी गाडीत मला राहवेना. "आबा, मी उद्या जाऊन खरं सांगतो."

"कुनाला? कोर्टाचं काम मिटलं. सांगायचंच आसंल तर सूनबाईला सांग. मनावरचं वझं तरी उतरंल."

आबांना निरवांगीला सोडून मी काटेवाडीला घरी आलो. बायको भाकरी थापत होती. धीर करून सगळं सांगून टाकलं. ट्रॅक्टर, ब्रेक, पळणं, सगळं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"जीप फुटली त्याच दिवशी आबांचा फोन आला होता मला," ती म्हणाली. "मास्तर भेदरून घरी येतोय, त्याला पानी तापवून ठिव आन त्यो आपन होऊन सांगंस्तवर काय बी इचारू नगंस, म्हणाले. बसा आता. जेवून घ्या."