सुबाभळीचा बुंधा

टेकडीवरच्या कामाला मी काही झाडांच्या प्रेमापोटी गेले नाही. हे गेल्यावर वर्षभर मी घराबाहेर पडले ती भाजीपुरती, म्हणून मुलीने परस्पर माझं नाव घालून टाकलं. "अगं आई, रविवारी सकाळचे दोन तास. जाऊन तर बघ." वाद घालायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता, म्हणून गेले.

विठ्ठलवाडीतल्या आमच्या घरापासून टेकडी रिक्षाने वीस मिनिटांवर. पूर्वी उघडीबोडकी होती. आता तिला कुंपण घातलंय आणि तिथलं मूळचं जंगल परत आणायचं काम चाललंय. पावसाळ्यात रोपं लावायची, दिवाळीनंतर वणवा पसरू नये म्हणून गवत कापून मोकळे पट्टे काढायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर नको ती झाडं तोडायची. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई सगळं बघतात. त्या सांगतील ते मी करायचे. हात चालायचे, डोकं बधिर असायचं. मला तेवढं पुरत होतं.

टेकडी तशी मला नवीन नव्हती. नोकरी संपल्यावर हे रोज सकाळी तिथे फिरायला जायचे. खिशात दंतमंजनाची रिकामी डबी, डबीत सुबाभळीच्या बिया. पावसाळ्यात काठीने भोक पाडायचं, दोन बिया टाकायच्या, टाचेने माती दाबायची. "अहो, त्यापेक्षा आंबा तरी लावा," मी म्हणायचे. "आंब्याची सावली आपला नातू बघणार. मला माझ्या डोळ्यांनी बघायचीय," असं यांचं उत्तर. बघितलीही. सगळ्यात आधी लावलेल्या झाडाला यांनी पिशवी अडकवायला तार गुंडाळली होती. त्या झाडाखाली बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायचो, आणि चहा गार झाला म्हणून मी कुरकुर करायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाईंनी आम्हा सगळ्यांना त्याच सुबाभळींसमोर उभं केलं. "ही बाहेरून आलेली झाडं. यांच्या गर्दीत आपला पळस येत नाही, आपटा येत नाही. शेंगा वाळून बी पडायच्या आत काढायची." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "कोणी लावून ठेवलीत, देव जाणे."

"असेल कोणीतरी रिकामटेकडा," मी म्हटलं.

सगळे हसले. बाईही हसल्या. मीही हसले. तसं का बोलले, ते मला आजही सांगता येत नाही. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

तार बांधलेलं झाड मी मागून घेतलं. तार सालीत पार रुतली होती, वरून नुसता फुगवटा दिसत होता. बाईंनी आणि मी आळीपाळीने करवत चालवली. झाड पडलं. मला काहीच वाटलं नाही. आता काहीतरी वाटेल म्हणून मी थोडा वेळ उभी राहिले. मग बाईंनी कोयता हातात दिला आणि बुंध्याची साल जमिनीपर्यंत सोलायला सांगितली. सोलली.

पण सुबाभूळ चिवट. पंधरा दिवसांत बुंध्याला खालून फुटवे आले. "हे मोडत राहायचं, ताई," बाई म्हणाल्या. "कधीतरी थकेलच." तो बुंधा माझ्याकडे लागला. दर दुसऱ्या रविवारी मी जायचे आणि कोवळे फुटवे अंगठ्याने मोडायचे. पावसाळ्यात तर पाठ फिरवायचा अवकाश, की नवे हजर. "हट्ट काही सोडायचा नाही तुम्ही," एकदा तोंडातून निघून गेलं. कोणी ऐकलं नाही ना, म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. शनिवारी दुपारीच मी टेकडीचे कपडे काढून ठेवू लागले. मुलीला वाटलं, आईला कामाची गोडी लागली.

दिवाळीनंतर बुंध्यावर एकही फुटवा नव्हता. त्यापुढच्या खेपेलाही नाही. बाईंनी कोयत्याच्या पाठीने ठोकून बघितलं.

"मेलं हो हे. फार चिकाटीने केलंत, ताई. आता पलीकडचा बुंधा देते तुम्हाला."

मी खुरपं घेतलं आणि खाली बसून बुंध्याभोवतीची माती उकरू लागले. वीतभर खाली गेले. मुळं काळी पडली होती.

"ताई, काय शोधताय?"

"फुटवा," मी म्हटलं. "तो रिकामटेकडा माझा नवरा होता."

बाईंनी कोयता खाली ठेवला. मग गुडघ्यांवर हात टेकत माझ्यासमोर बसल्या आणि दुसऱ्या बाजूने त्याही माती उकरू लागल्या.