लंकाबाईची पंगत

सोनखडकच्या मिशन शाळेत पोरं दोन गोष्टींना भ्यायची. एक साळवे मास्तरांची छडी आणि दुसरं लंकाबाईचं तोंड. त्यातल्या त्यात छडी बरी, असं पोरांचं मत होतं. छडीचा वळ दुपारपर्यंत उतरायचा, लंकाबाईचं बोलणं घरापर्यंत मागे यायचं.

लंकाबाई शाळेची स्वयंपाकीण. मिशनकडे परदेशातून गव्हाचा दलिया आणि दुधाची पावडर यायची. ते शिजवून दुपारी पोरांना वाढायचं, हे तिचं काम. पण ती मूळची दरेकरांच्या घरची थोरली सून. दरेकर म्हणजे श्रीगोंद्याच्या त्या अंगाला मोठं खटलं. धाकटा दीर काकासाहेब गावचा सरपंच. अशा घरची बाई मिशनच्या चुलीपुढं कशी आली, ते गावात कुणी विसरलं नव्हतं आणि तीही कुणाला विसरू देत नव्हती.

नवरा गेल्यावर ती दिराच्या घरात राबत होती. काकासाहेबांच्या मुलीच्या लग्नात लाडू तिनं वळले, पुरणाचे हंडे तिनं उतरवले. वरात दारात आली आणि धाकटी जाऊ केशरबाई म्हणाली, "आता तुमी जरा गोठ्याकडं बसा. शुभाच्या टायमाला विधवेचं तोंड नगं." लंकाबाई गोठ्यात जाऊन बसली. लग्न लागेपर्यंत बसून राहिली. मग उठली, बोचकं बांधलं आणि तडक मिशनच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिथं स्वयंपाकाला बाई हवी होती. दरेकरांचं नाक कापायला याहून जवळची सुरी तिला सापडली नसती.

गाव म्हणालं, लंका बाटली. ती भर बाजारात ओरडली, "बाटायला माज्याजवळ ठिवलंय काय तुमी?" पण ती देवळात काही गेली नाही, ना मिशनच्या, ना गावाच्या. कानिफनाथाचा काळा दोरा तिच्या गळ्यात होता तसाच राहिला.

आणि खरं सांगायचं तर पोरांवर माया म्हणून ती तिथं आली नव्हती. शाळेत मुलं होती ती बहुतेक ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीतली. या लोकांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं होतं. आजे-पणजे ख्रिस्ती झाले, तरी गावाच्या लेखी ते वेशीबाहेरचेच राहिले. लंकाबाईच्या लेखीही. सुरुवातीला ती दलिया हातभर वरून थाळीत सोडायची. थाळीला पळी लागू द्यायची नाही. पोरांना ते कळायचं. ती मुकाट्यानं खायची.

हा विटाळ मोडला तो खरजेनं. शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर फिलोमिना मंगळूरकडच्या, बारीक अंगाच्या, कडक शिस्तीच्या. त्या दर शनिवारी पोरांची नखं, डोकी, बोटांच्या बेचक्या बघायच्या. ज्याला खरूज निघेल त्याला गरम पाण्यानं आंघोळ आणि गंधकाचं मलम. हे काम त्यांनी लंकाबाईला लावलं. आता मलम काही वरून ओतता येत नाही. शिव्या घालत, नाक मुरडत तिनं ते चोळलं, आणि पुढं कधी तरी पळी थाळीला लागते की नाही हे बघायचं ती विसरून गेली.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. गावातली माणसं खडी फोडायला गेली. विहिरींचे तळ उघडे पडले. मिशनच्या विहिरीत बादली आपटली की दगडाचा आवाज यायचा. पाणी उरलं ते काकासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीला. सिस्टर स्वतः जाऊन विनंती करून आल्या, तेव्हापासून रोज सकाळी पाण्याच्या पिंपाचा एक बैलगाडा मिशनला येऊ लागला.

गावातल्या सरकारी शाळेत पाटी होती, फळा होता, पण खायला काही नव्हतं. दिवाळीनंतर गावातली पोरं एकेक करून मिशनच्या शाळेत येऊ लागली. बड्या घरचीही आली. काकासाहेबांचं शेंडेफळ मच्छिंद्र, आठ वर्षांचा, तोही आला. घरात दाणा नव्हता असं नाही. पण सगळे सवंगडी तिकडं, म्हणून तोही तिकडं. आणि ही सगळी पोरं वस्तीतल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून एका पंगतीत बसली. आठवडाभर कुणाला काही वाटलं नाही. पोरंच ती.

मग काकासाहेब चार माणसं घेऊन आले. सिस्टरच्या कचेरीत बसले. साळवे मास्तर दाराशी उभे राहिले. ते वस्तीतलेच, पहिले शिकलेले. सरपंचासमोर बसायची त्यांच्या अंगाला सवय नव्हती.

"सिस्टर, शिक्षनाबद्दल आमची तक्रार न्हाई," काकासाहेब म्हणाले. "पर पंगत वायली पायजे. आमची पोरं व्हरांड्यात, वस्तीची खाली अंगनात. पान्याचं पिंपबी वायलं. आमच्या पोरांना आमची वहिनी वाढंल. वस्तीच्या पोरांना त्यांच्यातली कोनी बाई बघा."

"आमच्या शाळेत असे चालत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मंग गाड्याचं बैल थकल्यात म्हना," काकासाहेब म्हणाले आणि टोपी नीट करत उठले. जाताना चुलीपाशी थांबून लंकाबाईला म्हणाले, "वहिनी, झालं गेलं गंगेला मिळालं. येत्या संक्रांतीला घरी या जेवायला. थोरल्या सुनंचा मान हाय तुमचा."

सिस्टरनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मान खाली घालून हुकूम दिला: पाऊस पडेपर्यंत दोन पंगती. साळवे मास्तर छडी घेऊन वर्गावर गेले. आणि लंकाबाई? गावानं पुढं कितीही वेगळं सांगितलं तरी ती आनंदानं हो म्हणाली. चार वर्षं ज्या तोंडांनी तिला बाटगी म्हटलं, तीच तोंडं आता तिच्याच हातचं पवित्र म्हणत होती. संक्रांतीला ती धुवट लुगडं नेसून दरेकरांच्या घरी गेली. केशरबाईनं पाट मांडला, ताट वाढलं, एक शब्द बोलली नाही. लंकाबाई पोटभर जेवली.

व्हरांड्यात सावली होती. खाली अंगणात ऊन. वस्तीतली राहीबाई त्या पोरांना वाढायला ठेवली. तिची मुलगी मार्था तिसरीत होती. पहिल्या दिवशी मार्था सवयीनं व्हरांड्यात येऊन बसली, तर आईनंच बकोट धरून तिला खाली नेलं. त्यानंतर शाळेचं वारं बदललं. खेळताना शिवाशिवीचे दोन गट पडले. वस्तीतली पोरं ढेकळं मारू लागली, गावातली शिव्या देऊ लागली, आणि त्या शिव्या पोरांच्या नव्हत्या, बापांच्या होत्या. कुणाची पाटी फुटली, कुणाचं डोकं. वस्तीतली दोन पोरं दलिया तसाच टाकून उठू लागली. सिस्टर रागावल्या, समजावून सांगितलं, प्रार्थना घेतल्या. काही उपयोग झाला नाही.

एका दुपारी खालचं पिंप आटलं. मार्थाला ठसका लागला होता. ती थाळी हातात धरून व्हरांड्याच्या पायरीशी आली आणि वरच्या पिंपाकडं बोट दाखवलं. मच्छिंद्र उठला. त्यानं लाथ मारली. थाळी उडाली, दलिया मार्थाच्या अंगभर झाला.

"तुमचं पिंप खाली!" तो म्हणाला. आणि वळून लंकाबाईकडं बघून हसला. "व्हय ना गं मोठी आई?"

लाथेचं एक वेळ तिनं सोडलं असतं. पोरं लाथा मारतातच. पण ते हसू तिच्यासाठी होतं. तो तिला आपल्यातली समजून हसला होता. केशरबाईनं गोठ्याकडं बोट केलं होतं तेव्हा मांडवातल्या बायका एकमेकींकडं बघून असंच हसल्या होत्या.

तिच्या हातातली पळी त्याच्या कपाळावर बसली. रक्त आलं. पोरगं किंचाळलं. लंकाबाईनं एका हातानं त्याला आणि दुसऱ्या हातानं मार्थाला धरून व्हरांड्यात शेजारीशेजारी बसवलं आणि अंगणाकडं बघून ओरडली, "या सगळी वर! आजपास्नं एकच पंगत. ज्याला बसायचं त्यानं बसावं, ज्याला न्हाई त्यानं आपल्या बापाकडं जावं!"

सिस्टर धावत आल्या. त्यांनी आधी मच्छिंद्रची जखम धुतली, पट्टी बांधली. मग लंकाबाईकडं वळल्या. "तुम्ही मुलाला मारले. रक्त काढले. हे मी चालवणार नाही."

"दोन पंगती चालवल्या न्हवं?" लंकाबाई म्हणाली. "त्या चालल्या?"

तरी सिस्टरनी लंकाबाईला चुलीवरून काढलंच. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हाती झाडू आला. मुलावर हात टाकणारी बाई स्वयंपाकघरात नको, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी मिशनच्या आवारातल्या लंकाबाईच्या खोलीवर दगड पडले. कौलं फुटली. काकासाहेब स्वतः फाटकापर्यंत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही बाई आमच्या घरची न्हवं. मेली तरी आमची न्हवं." सकाळी पाण्याचा गाडा आला नाही. गावातली पोरंही आली नाहीत.

वस्ती तरी तिच्या बाजूला उभी राहील, असं वाटलं होतं तिला. झालं उलटंच. राहीबाई कमरेला पदर खोचून आली. "तुमचं दरेकरांचं घरातलं भांडान. त्यात पानी आमच्या पोरांचं तुटलं. आमच्यासाठी मारलं म्हन्ता? आमी सांगितलं हुतं का? संक्रांतीला जेवाया गेल्ता तवा आठवली न्हाई का माजी मार्था?"

लंकाबाईला गावभर उलटून बोलता यायचं. त्या दिवशी ती नुसती अंगण झाडत राहिली.

पाण्यावाचून चूल बंद पडली. कोरडी दूध पावडर पोरांच्या तळहातावर ठेवायची, पोरांनी ती चाटायची. आंघोळी थांबल्या आणि खरूज परत उठली. बेचक्या खाजवून पोरं वर्गात रडायची. सिस्टरनी वरिष्ठांना कळवलं होतं, उत्तराची वाट बघत होत्या.

साळवे मास्तर मात्र एका सकाळी धोतर नेसून, डोक्याला रुमाल बांधून निघाले. लंकाबाई फाटकाशी झाडत होती.

"कुठं निघालात मास्तर?"

"श्रीगोंद्याला. मामलेदार कचेरीत. टँकर मागायला."

"आज सुचलं व्हय?"

मास्तर थांबले. या माणसाला रागावलेलं तिनं वर्गाबाहेर कधी बघितलं नव्हतं. "माझ्या बापाला पंगत उठल्यावर खरकट्याला बोलावलं जायचं, बाई. त्याला ते सोसलं नाही, म्हणून तो ख्रिस्ती झाला. आणि मी, त्याचा शिकलेला पोरगा, मिशनच्या अंगणात आपल्याच पोरांना उन्हात बसलेलं बघत उभा राहिलो. तुम्ही निदान पळी तरी उगारली. चुकीच्या डोक्यावर उगारली, पण उगारली."

ते गेले. कचेरीत त्यांना बाहेर बसवलं, उद्या या म्हणाले. ते उद्या गेले. परवाही गेले. सरपंचाचं पत्र आणा म्हणाले, तेव्हा मास्तर साहेबांच्या दाराआडवे बसले आणि उठेनात. शिपायानं दंडाला धरलं, तरी उठेनात. शेवटी पाझर तलावाच्या कामावर जाणारा टँकर एक दिवसाआड मिशनकडं वळवायचा हुकूम निघाला. वस्तीतल्या लोकांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं. लंकाबाईला कुणी काही म्हणालं नाही.

चूल पुन्हा पेटली. राहीबाईनं काही दिवस एकटीनं रांधलं, पण एवढा मोठा हंडा एकटीला उतरवेना. सिस्टरनी लंकाबाईला बोलावून सांगितलं, "स्वयंपाकघरात या. पण पोरांवर हात नाही. शिवीसुद्धा नाही."

"हात न्हाई उचलनार," लंकाबाई म्हणाली. "शिवीचं सांगत न्हाई." सिस्टर हसल्या नाहीत. त्या दोघींचं पुढंही कधी जमलं नाही. दोनेक वर्षांनी सिस्टरची बदली झाली तेव्हा लंकाबाई निरोपाच्या कार्यक्रमाला भांडी घासत बसली होती.

राहीबाई आणि ती एका हंड्याचे दोन कान धरून रोज उतरवायच्या. बोलणं कामापुरतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर गावातली पोरं मागच्या कुंपणातून परत येऊ लागली, आधी गरिबांची, मग बाकीच्यांची. त्यांना कुणी काही विचारलं नाही. जागा दिसेल तिथं ती बसली. आणि एका सकाळी फाटकाशी केशरबाई उभी राहिली. डोक्यावरून पदर ओढलेला, हाताशी मच्छिंद्र.

लंकाबाई समोर आली. दोघी जावा. गोठ्याच्या त्या दिवसानंतर केशरबाई पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती.

"वायली पंगत न्हाई म्हनं आता."

"न्हाई."

"ह्याला घरी करमत न्हाई. दिसभर रडतंय." तिनं पोराचा हात झटकून सोडला. "बसव कुठं बसवायचं तिथं."

"काकासाहेबांना ठावं हाय?"

"न्हाई. आन् तू सांगायला जानार न्हाईस." केशरबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत उपकार नव्हते, माफी नव्हती. "माज्या लेकराचं रक्त काढलंस. हे मी मरंस्तवर इसरनार न्हाई."

"मीबी न इसरन्यासारकं लई काय काय धरून बसले हाय," लंकाबाई म्हणाली.

केशरबाई वळून गेली. त्यानंतर कित्येक वर्षं दोघी त्याच गावात राहिल्या, बाजारात समोरासमोर आल्या, आणि बोलल्या नाहीत. पण पोरगं त्या दिवशी आत आलं. कुठं बसावं ते त्याला कळेना. लंकाबाईनं त्याला हाताला धरलं नाही, गोड बोलली नाही.

"उभा काय ऱ्हातोस खांबासारका? बस की," ती खेकसली, आणि तो मोकळ्या जागेत बसला.